पहिलं आरसी (रेडिओवर चालणारं) विमान: रेडिओ, रिसीव्हर आणि बॅटरी कशी जुळवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी विमान घ्यावं की आधी रेडिओ?

आधी रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट; त्याच्या आज्ञा पकडणारा विमानातला भाग म्हणजे रिसीव्हर. शिकताना विमान आपटणार, त्याची डागडुजी होणार, थोड्याच काळात ते बदललंही जाणार. रेडिओ मात्र नीट निवडला तर पुढच्या कित्येक विमानांना पुरतो. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. विमानाचं चित्र डोळ्यांत भरतं, ते घरी येतं आणि मग त्याला चालेल असा रेडिओ शोधायची धावपळ सुरू होते. दुसऱ्या विमानाच्या वेळी पुन्हा तेच. त्यापेक्षा कोणत्या प्रोटोकॉलच्या (रेडिओ आणि रिसीव्हरच्या आपसातल्या बोलीच्या) घराण्यात शिरायचं ते एकदा ठरवा आणि त्या घराण्यात बसणारं विमान निवडा. ज्यांच्याबरोबर उडवायला जाणार आहात त्यांच्याकडे जे आहे तेच घेणं सगळ्यात सोयीचं. अडचण आली की मेनूत नेमकं कुठे शिरायचं हे सांगणारा माणूस शेजारीच उभा असतो.

खोक्यावरच्या आरटीएफ, बीएनएफ, पीएनपी, एआरएफ या अक्षरांवरून काय समजायचं?

आरटीएफ म्हणजे सगळं एकत्र: विमान, रेडिओ, बॅटरी आणि बहुतेकदा चार्जरही. बीएनएफमध्ये रिसीव्हर बसवलेला असतो, रेडिओ तुमचा. पीएनपीमध्ये मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) आणि सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवलेले असतात, रिसीव्हर तुम्ही आणायचा, बॅटरीही बहुधा तुम्हीच. एआरएफमध्ये तयार सांगाडा मिळतो आणि आतलं बरंचसं सामान वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे पहिल्या विमानासाठी तो नको.

रेडिओ आधीच घेतला असेल तर माझा कौल पीएनपीला आहे, कारण रिसीव्हर तुमच्या मर्जीचा बसतो. आरटीएफ घेत असाल तर सोबतच्या रेडिओला मॉडेल मेमरी (प्रत्येक विमानाची जुळवणी वेगळी जपण्याची सोय) आहे का, एवढं नक्की विचारा. अनेक संचांतल्या साध्या रेडिओंना ती नसते. मग दुसरं विमान आलं की पहिल्याचे सगळे ट्रिम (विमान सरळ उडावं म्हणून केलेली बारीक जुळवणी) पुसून नव्याने बसवावे लागतात.

रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचा, रिसीव्हरही २.४ गिगाहर्ट्‌झचा. मग जुळेलच ना?

नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. २.४ गिगाहर्ट्‌झ हा फक्त पट्टा झाला. त्या पट्ट्यात रेडिओ कोणत्या क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारतो आणि माहिती कशी बांधून पाठवतो, हे प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते. त्यालाच प्रोटोकॉल म्हणायचं, आणि तो दोन्हीकडे तोच असावा लागतो.

स्पेक्ट्रमचे प्रोटोकॉल डीएसएम२ आणि डीएसएमएक्स. फ्लायस्कायचे एएफएचडीएस, एएफएचडीएस २ए आणि एएफएचडीएस ३. फ्रस्कायमध्ये डी८, डी१६ आणि अ‍ॅक्सेस. फुटाबाकडे फास्ट, एस-एफएचएसएस, टी-एफएचएसएस असे बरेच. म्हणजे कंपनीचं नाव जुळलं तरी काम भागत नाही. फ्लायस्कायचा लोकप्रिय एफएस-आय६ हा रेडिओ २ए रिसीव्हरशी बाइंड होतो (जोडला जातो), पण एएफएचडीएस ३ च्या रिसीव्हरशी होणार नाही. फ्रस्कायच्या डी१६ मध्ये तर युरोपसाठीचं एलबीटी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आणि इतरत्र चालणारं एफसीसी फर्मवेअर वेगळं असतं. रेडिओत एक आणि रिसीव्हरमध्ये दुसरं असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच प्रोटोकॉलचे असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

म्हणून रिसीव्हर मागवण्याआधी रेडिओच्या पुस्तिकेत प्रोटोकॉलचं पूर्ण नाव शोधा आणि रिसीव्हरच्या माहितीत तेच नाव अक्षरशः लिहिलेलं आहे का ते बघा. ‘या कंपनीच्या सर्व रेडिओंना चालतो’ अशा मोघम वाक्यावर भरवसा ठेवू नका.

मल्टिप्रोटोकॉल रेडिओ घेतला की हा प्रश्नच मिटतो का?

बराचसा मिटतो. रेडिओमास्टर आणि जंपर यांच्या काही रेडिओंमध्ये ‘फोर-इन-वन’ मॉड्यूल असतं. त्यात चार वेगवेगळ्या रेडिओ चिप असतात: फ्लायस्कायसाठी ए७१०५, स्पेक्ट्रमसाठी सीवायआरएफ६९३६, फ्रस्काय आणि फुटाबा एस-एफएचएसएससाठी सीसी२५००, आणि अनेक खेळण्यातल्या विमानांसाठी एनआरएफ२४. फुटाबाचा फास्ट, फ्लायस्कायचा एएफएचडीएस ३ आणि फ्रस्कायचा अ‍ॅक्सेस हे मात्र त्यातून चालत नाहीत.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. हे रेडिओ एजटीएक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. तिच्यात काहीही करता येतं, पण तयार काहीच नसतं. मॉडेल बनवणं, मिक्स (एका स्टिकने एकापेक्षा जास्त भाग हलवणं) लावणं, फेलसेफ (सिग्नल गेला तर विमानाने काय करायचं ते) ठरवणं हे सगळं स्वतः शिकावं लागतं. चार संध्याकाळी मेनू चाळायची तयारी असेल तर खुशाल घ्या, पुढे फार उपयोगी पडतो. ‘डबा उघडला आणि मैदानावर गेलो’ एवढंच हवं असेल तर एका कंपनीचा साधा सहा चॅनेलचा (एक चॅनेल म्हणजे विमानातली एक स्वतंत्र आज्ञा) रेडिओ बरा.

एक्सप्रेसएलआरएस या मुक्त प्रोटोकॉलबद्दल ऐकलं आहे. शिकाऊ विमानाला चालेल?

चालेल. पल्ला उत्तम आहे आणि रिसीव्हर छोटे, हलके असतात. तीन गोष्टी पाहा. एक, रिसीव्हर पीडब्ल्यूएम आउटपुटचा घ्या, म्हणजे सर्वोच्या वायरी थेट त्यात लागतील. ड्रोनसाठीच्या बोटाएवढ्या रिसीव्हरला सर्वो लावायची सोयच नसते. दोन, रेडिओतलं आणि रिसीव्हरमधलं फर्मवेअर एकाच मुख्य आवृत्तीचं हवं. २ आणि ३ एकमेकांशी बोलत नाहीत. तीन, पाचवा चॅनेल सामान्यतः फक्त चालू-बंद एवढ्याच दोन अवस्थांचा असतो, त्यामुळे त्यावर फ्लॅप (संथ उतरायला मदत करणारी पंखाची झडप) किंवा दुसरा एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखाची झडप) लावू नका.

किती चॅनेल हवेत?

उडवायला चार: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलेरॉन (कलणं), एलेव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे). तीन चॅनेलच्या शिकाऊ विमानात एलेरॉन नसतात, पंखांना वर झुकलेला कोन असतो आणि वळायचं काम रडर करतो. रेडिओ घेताना मात्र किमान सहा चॅनेलचा घ्या. जायरोचा (विमान आपोआप सावरणाऱ्या सेन्सरचा) मोड बदलायला एक स्विच लागतो, दोन एलेरॉनना दोन स्वतंत्र चॅनेल दिले तर अजून एक जातो, आणि पुढे कधीतरी फ्लॅप येतातच.

मोड १ की मोड २?

जो शिकवणार आहे त्याचा मोड घ्या. मोड २ मध्ये थ्रॉटल आणि रडर डाव्या स्टिकवर, एलेरॉन आणि एलेव्हेटर उजव्या. मोड १ मध्ये थ्रॉटल उजवीकडे जातो आणि एलेव्हेटर डावीकडे येतो. शिकवणारा कोणी नसेल तर मोड २ घ्या, तो जास्त प्रचलित आहे.

रिसीव्हर निवडताना प्रोटोकॉलशिवाय काय बघायचं?

पल्ला. काही रिसीव्हर घरात किंवा छोट्या अंगणात उडवायच्या हलक्या विमानांसाठी असतात, त्यांच्या वर्णनात ‘पार्क फ्लायर’ किंवा ‘इनडोअर’ लिहिलेलं असतं. एक-सव्वा मीटर पंखांचं विमान अशा रिसीव्हरवर उडवू नका. त्याला पूर्ण पल्ल्याचाच रिसीव्हर हवा, शक्यतो दोन अँटेनांचा. दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात बसवा, म्हणजे विमान कोणत्याही कोनात कललं तरी एक तरी अँटेना सिग्नल पकडते. अँटेनाच्या टोकाची उघडी तार साधारण ३१ मिलिमीटर असते. ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या तरंगलांबीची पाव लांबी आहे. म्हणून ती कापायची नाही, दुमडायची नाही, आणि कार्बनच्या दांड्याला किंवा बॅटरीला चिकटू द्यायची नाही. खरं काम तेवढीच तार करते, मागचा जाड भाग फक्त जोडणारी केबल असते.

रेडिओच्या अँटेनाचं टोकही विमानावर रोखू नका. सिग्नल टोकाकडे सगळ्यात कमी आणि बाजूंना सगळ्यात जास्त जातो.

रिसीव्हर बदलला आणि एलेरॉनची स्टिक हलवली की मोटर फिरते. असं का?

चॅनेलचा क्रम वेगळा आहे. स्पेक्ट्रममध्ये पहिला चॅनेल थ्रॉटलचा. फ्लायस्काय आणि फुटाबामध्ये पहिला एलेरॉन, दुसरा एलेव्हेटर, तिसरा थ्रॉटल, चौथा रडर. एका पद्धतीच्या विमानात दुसऱ्या पद्धतीचा रिसीव्हर बसवताना वायरी जागच्या जागी उचलून ठेवल्या की असंच होतं. रिसीव्हरला हात लावायच्या आधी प्रॉपेलर काढा. मोटर अचानक फिरली तर बोटं शाबूत राहिली पाहिजेत, आणि हा नियम अनुभवी माणसालाही तेवढाच लागू आहे.

जायरो असलेला रिसीव्हर घ्यावा का?

घ्यावा. वाऱ्याच्या झोतात विमान सावरतो आणि घाबरून स्टिक सोडली तर स्वतः समतल करणारा मोडही अनेकांत असतो. एक तपासणी मात्र प्रत्येक वेळी करा. विमान हातात धरून उजवा पंख झटक्यात खाली करा. उजवा एलेरॉन क्षणभर खाली आणि डावा वर गेला पाहिजे, म्हणजे तो कल मोडून काढण्याच्या दिशेने. नाक खाली केलं तर एलेव्हेटर वर गेला पाहिजे. उलट होत असेल तर जायरोची दिशा उलटी आहे, आणि तसं विमान जमीन सोडताक्षणी गिरकी घेऊन आदळतं. स्टिकने हलणारी दिशा बरोबर असली म्हणून जायरोची दिशाही बरोबर असेल असं नाही. दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या.

रिसीव्हरला वेगळी बॅटरी लागते का?

छोट्या इलेक्ट्रिक विमानात नाही. ईएससीमध्येच बीईसी नावाचा भाग असतो. तो मुख्य बॅटरीचं व्होल्टेज साधारण ५ व्होल्टवर आणून रिसीव्हर आणि सर्वोंना देतो. तो लिनिअर आहे की स्विचिंग, हे बघणं महत्त्वाचं. लिनिअर बीईसी उरलेलं व्होल्टेज उष्णतेत घालवतो. ३एस (तीन सेलच्या) बॅटरीचे ११.१ व्होल्ट ५ वर आणताना सर्वो मिळून १ अँपिअर ओढत असतील तर सुमारे ६ वॅटची उष्णता त्या चिमुकल्या चिपमध्ये साठते. ४एस लावली तर जवळपास १० वॅट. चिप तापून बंद पडली की मोटरच नव्हे, रिसीव्हरही मरतो आणि विमान हाताबाहेर जातं. ३एसवर चार छोटे नऊ ग्रॅमवाले सर्वो असतील तर बहुतेक लिनिअर बीईसी निभावून नेतात. सर्वो जास्त किंवा मोठे असतील, किंवा ४एस वापरायची असेल तर स्विचिंग बीईसी घ्या. वेगळा बीईसी जोडलात तर ईएससीकडून रिसीव्हरला येणारी मधली लाल वायर आधी सोडवून ठेवा.

बॅटरीवर ‘३एस २२०० एमएएच ३०सी’ लिहिलंय. यातलं मला काय कामाचं?

तिन्ही आकडे कामाचे. ३एस म्हणजे एकामागे एक जोडलेले तीन सेल. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या एका सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७ आणि पूर्ण चार्ज ४.२, म्हणून ३एस ११.१ व्होल्टची आणि पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टची. हा आकडा ईएससी, मोटर आणि प्रॉपेलर ठरवतात, त्यात तुमची आवडनिवड चालत नाही.

२२०० एमएएच म्हणजे साठा, आणि ३०सी म्हणजे तो किती वेगाने उपसता येतो. २.२ गुणिले ३०, म्हणजे कागदावर ६६ अँपिअर. कागदावर म्हणण्याचं कारण, हा सी आकडा बरेच उत्पादक सढळ हाताने छापतात. माझा हिशेब असा: विमान पूर्ण थ्रॉटलला जेवढे अँपिअर ओढतं त्याच्या किमान दुप्पट छापलेल्या आकड्यातून निघाले पाहिजेत. शिकाऊ विमान २० अँपिअर ओढत असेल तर २२०० ची २५सी बॅटरी, म्हणजे ५५ अँपिअर, भरपूर झाली. त्याला १००सीची बॅटरी घेणं म्हणजे जास्त पैसे आणि बहुतेकदा जास्त वजनही.

मोठी बॅटरी घातली तर जास्त वेळ उडेल ना?

थोडा जास्त उडेल आणि बराच वाईट उडेल. ३एस २२०० ची बॅटरी सर्वसाधारणपणे १८० ग्रॅमच्या आसपास असते. सव्वा मीटरच्या फोमच्या विमानात हा एकूण वजनाचा मोठा वाटा आहे. विमानाचं वजन २० टक्क्यांनी वाढलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत) सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उतरताना विमान जास्त वेगात आणावं लागतं आणि जमिनीवर आदळण्याचा जोरही वाढतो. शिकणाऱ्याला हवं असतं नेमकं याच्या उलट: संथ, हलकं, चूक पदरात घेणारं विमान.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. तो पुस्तिकेत दिलेल्या जागी यायला हवा. साध्या पंखांच्या शिकाऊ विमानांत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर असतो. बॅटरी बसवून, पंखाखाली दोन बोटं टेकवून विमान तोला. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल. शेपूट खाली गेली तर उडवू नका, बॅटरी पुढे सरकवा. बॅटरी निवडताना तिची लांबी-रुंदीही मोजा. कप्प्यात पुढे-मागे सरकायला जागा उरली नाही तर तोल साधायला नाकात मृत वजन भरत बसावं लागतं.

३एसच्या विमानाला ४एस लावली तर?

प्रॉपेलर तोच ठेवला तर मोटर ओढत असलेला प्रवाह ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३एसवर २० अँपिअर ओढणारी मोटर ४एसवर ३५ च्या जवळ जाईल आणि शक्ती दुपटीहून जास्त होईल. ३० अँपिअरचा ईएससी त्यात जळतो. पुस्तिकेत ४एस चालते असं लिहिलं असेल तरच लावा, आणि त्यासाठी सांगितलेला छोटा प्रॉपेलरही लावा. शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात. बहुतेक विमानांत तेवढं ३एसवरच मिळतं.

ईएससी किती अँपिअरचा घ्यावा?

पूर्ण थ्रॉटलला वॉटमीटरवर जेवढा प्रवाह दिसतो, त्याच्यावर २५ टक्के राखून. प्रॉपेलर बदलला की पुन्हा मोजा. एक इंच मोठ्या प्रॉपेलरनेही प्रवाह चांगलाच वाढतो.

बॅटरीचा आणि ईएससीचा कनेक्टर वेगळा आहे. अ‍ॅडॉप्टर लावू का?

घरी तपासणीपुरता ठीक. उडवताना एकाच जातीचा कनेक्टर असू द्या. सव्वा मीटरपर्यंतच्या विमानांत एक्सटी६० किंवा ईसी३ पुरतो, आणि ईसी३ व आयसी३ एकमेकांत बसतात. आधी ठरवा आणि सगळ्या बॅटऱ्या त्याच कनेक्टरच्या घ्या. बदलायची वेळ आली तर बॅटरीच्या दोन वायरी एकदम कापू नका, कात्रीतूनच शॉर्ट होतो. एक वायर कापा, डाग द्या (सोल्डर करा), झाका, मगच दुसरीला हात लावा.

एका चार्जमध्ये किती मिनिटं उडवायचं?

साठ्याचा ८० टक्के भागच वापरायचा असं धरा. २२०० चे ८० टक्के म्हणजे १७६०. सरासरी १० अँपिअर ओढत असेल तर साडेदहा मिनिटं होतात. पहिल्या उड्डाणाला रेडिओचा टायमर सहा मिनिटांवर लावा. उतरल्यावर काही मिनिटं थांबून व्होल्टेज बघा. सेलमागे ३.८ च्या वर असेल तर टायमर थोडा वाढवा, ३.७ च्या खाली असेल तर कमी करा. ईएससी व्होल्टेज पडल्यावर मोटर बंद करतो खरा, पण त्याच्या भरवशावर राहिलं तर इंजिनाविना उतरण्याची पाळी येते.

चार्जिंग आणि साठवण?

चार्जर बॅलन्स चार्ज करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा हवा. प्रवाह १सी ठेवा, म्हणजे २२०० साठी २.२ अँपिअर. सेलची संख्या आणि लिपो हा प्रकार दर वेळी स्वतः वाचून खात्री करा. लक्ष न ठेवता चार्ज करू नका, आणि जवळ जळण्याजोगं काही नको. आठवड्याभरात उडवायचं नसेल तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी फुगते, पूर्ण रिकामी ठेवलेली मरते. फुगलेली बॅटरी पुन्हा विमानात घालू नका.

जमिनीवर सगळं चालतंय. पहिल्या उड्डाणाआधी अजून काय?

फेलसेफ आणि पल्ल्याची चाचणी. या दोन गोष्टी टाळणारे बरेच दिसतात, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते, कारण इथे प्रश्न विमानाचा नसून मैदानावरच्या माणसांचा असतो.

फेलसेफ असा तपासा. प्रॉपेलर काढा. रेडिओ चालू करा, मग विमानाची बॅटरी जोडा. थ्रॉटल एक तृतीयांश वर घ्या, मोटर फिरू द्या, आणि रेडिओ बंद करा. एक-दोन सेकंदांत मोटर थांबलीच पाहिजे. काही रिसीव्हर सिग्नल गेला की शेवटची आज्ञा धरून ठेवतात. तुमचा तसा असेल तर मोटर फिरतच राहील. मग मेनूत जाऊन थ्रॉटलचा फेलसेफ शून्यावर बसवा आणि पुन्हा तपासा. ही एक वेळ सोडली तर रेडिओ नेहमी आधी चालू आणि शेवटी बंद.

पल्ल्यासाठी बऱ्याच रेडिओंत खास मोड असतो, त्यात प्रक्षेपणाची शक्ती मुद्दाम घटवलेली असते. विमान सोबत्याने धरून ठेवावं, तुम्ही पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर जावं, अनेक रेडिओंसाठी ते तीसेक पावलं असतं. तिथून सगळ्या स्टिक हलवा. एकही सर्वो अडखळता कामा नये. मग मोटर चालू करून तेच पुन्हा करा. फक्त मोटर फिरताना सर्वो अडखळत असतील तर अँटेना ईएससीच्या फार जवळ आहे किंवा बीईसी कमी पडतोय.

जुना ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्‌झचा रेडिओ फुकट मिळतोय. घेऊ?

शिकायला नको. त्या काळी प्रत्येकाचा क्रिस्टल वेगळा असे आणि एकाच चॅनेलवर दुसऱ्याने रेडिओ चालू केला की पहिल्याचं विमान पडत असे. त्याला नवे रिसीव्हर मिळणंही कठीण. कोणी जुना २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ देत असेल तर त्याचा प्रोटोकॉल विचारा, त्याचे रिसीव्हर आजही विकत मिळतात का ते बघा, आणि मिळत असतील तर पहिल्यांदा त्याची बॅटरी बदला.